बोटीच्या कठड्यावरून गॅलिपोली



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'ग्रीस आणि तुर्कस्तानचा प्रवास' असे मोघम नाव सुचविले होते. ते त्यांनी मोठ्या अदबीने नाकारले. प्रवासवर्णने आपल्या गावात उदंड झाली. एकच ठिकाण घ्या आणि त्याविषयी नीट बोला, असे त्यांचे म्हणणे पडले. मला ते पटले. म्हणून अथेन्सचे खांब, इस्तंबूलच्या मशिदी आणि तिथल्या बाजारातली घासाघीस हे सारे आज बाजूला ठेवतो, आणि या दोन शहरांच्या मधल्या जलमार्गावर जो एक किनारा लागतो तेवढ्याविषयीच बोलतो. नकाशात तो बोटाच्या पेराएवढासुद्धा भरत नाही. त्याचे नाव गॅलिपोली.

आम्ही तेथे गेलो ते यात्रेकरू म्हणून नव्हे. हल्ली ज्याला क्रूझ म्हणतात तसल्या बोटीवरचे आम्ही उतारू होतो. ही बोट म्हणजे एक तरंगते लग्नघरच समजा. पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत पंगती उठत असतात, कुठल्यातरी कोपऱ्यात वाद्ये वाजत असतात, आणि ज्याला त्याला आपण वरपक्षाकडचे आहोत असे वाटत असते. रोज रात्री दुसऱ्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका खोलीत येऊन पडे. त्या दिवशीच्या पत्रिकेत 'डार्डानेल्समध्ये प्रवेश' ही ओळ व्यायामाचा वर्ग आणि पत्त्यांची स्पर्धा यांच्या मधोमध छापलेली होती.

यावर नाक मुरडण्याचा माझा विचार नाही. हजारो माणसे जेथे मेली त्या किनाऱ्यापुढून चहाचा पेला हातात धरून जावे की नाही, असा प्रश्न माझ्याही मनात आला; नाही असे नाही. परंतु त्याचे उत्तर तो किनाराच देतो. सामुद्रधुनीच्या तोंडाशी, डाव्या हाताच्या टोकावर, एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. तो हेलेसचा ब्रिटिश स्मारकस्तंभ. त्याची उंची तीस मीटरहून अधिक आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना तो दिसावा अशाच जागी तो बांधला आहे. त्याच्यापासून जवळच, मोर्तो नावाच्या उपसागराच्या कडेला, तुर्कांचे हुतात्मा स्मारक आहे : चार प्रचंड खांब आणि त्यांवर सपाट छत, एकंदर उंची ४१ मीटरांच्या वर. ते १९६० साली पुरे झाले. पुढे किलितबहिरच्या किल्ल्याजवळ डोंगराच्या उतरणीवर पांढऱ्या अक्षरांत तुर्की काव्याच्या ओळी, एका सैनिकाची आकृती आणि १८ मार्च १९१५ ही तारीख रेखाटली आहे. वाटसरूने थांबावे आणि आपण कोणत्या भूमीवरून जात आहोत हे जाणावे, असा त्या ओळींचा आशय. हा वाटसरू कोण? तर पाण्यावरून जाणारा! म्हणजे जिंकलेल्यांनीही आणि हरलेल्यांनीही आपापली स्मारके बोटीवरच्या माणसाला उद्देशून बांधली आहेत. तेव्हा कठड्याशी उभे राहून पाहण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. आमंत्रण आहेच.

मात्र बोटीवरून काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न वेगळा. आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्याविषयी आहे.

प्रथम भूगोल. एजियन समुद्रातून काळ्या समुद्राकडे जावयाचे तर साठेक किलोमीटर लांबीच्या एका चिंचोळ्या पाण्यातून जावे लागते. सर्वांत अरुंद जागी हे पाणी जेमतेम सव्वा किलोमीटर आहे. दोन्ही तीरांवरची घरे स्पष्ट दिसतात. उजव्या हाताला आशिया, डाव्या हाताला युरोप. इराणच्या झर्कसीस राजाने इसवी सनापूर्वी ४८० मध्ये नावांचा पूल करून येथूनच आपले सैन्य ग्रीसमध्ये उतरविले. ट्रॉयचे अवशेष उजव्या तीरापासून थोड्याच अंतरावर आहेत. बायरन कवीने १८१० साली हे पाणी पोहून पार केले, आणि आपल्या कवितेपेक्षाही त्याला या पोहण्याचा अभिमान अधिक होता असे म्हणतात. युद्ध हे या किनाऱ्याचे जणू वतनच आहे.

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले आणि ही वाट बंद झाली. रशिया हा इंग्लंड-फ्रान्सचा दोस्त. त्याला दारूगोळा पोहोचविण्याचा आणि त्याचा गहू बाहेर काढण्याचा दरवाजाच मिटला. तेव्हा ब्रिटिश आरमाराचे मंत्री असलेल्या चर्चिल यांनी आग्रह धरला की, जुन्या युद्धनौका पुढे घालून ही सामुद्रधुनी फोडावी आणि थेट इस्तंबूलवर तोफा रोखाव्यात. १८ मार्च १९१५ रोजी तो प्रयत्न झाला. तत्पूर्वी दहा दिवस, ८ मार्चच्या रात्री, 'नुसरेत' नावाच्या एका लहानशा तुर्की बोटीने २६ सुरुंग पाण्यात पेरून ठेवले होते. तेही नेहमीसारखे वाटेवर आडवे नव्हेत, तर किनाऱ्याला समांतर, जेथे मोठ्या नौका वळण घेत असत तेथे. कोणाच्या ध्यानात ते आले नाही. 'बूव्हे' ही फ्रेंच युद्धनौका काही मिनिटांत सहाशेहून अधिक माणसांसह तळाला गेली. आणखी दोन ब्रिटिश नौका बुडाल्या. आरमार माघारी फिरले ते पुन्हा आत शिरले नाही. त्या चिमुकल्या बोटीची प्रतिकृती आज चनक्कले शहराच्या किनाऱ्यावर ठेवलेली आहे. तुर्की शाळांची मुले तिच्यावर चढून खेळत होती. आपल्याकडे सिंहगडावर मुले तोफेवर बसतात, तशी.

समुद्रातून जमले नाही म्हणून मग जमिनीवरून. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे द्वीपकल्पाच्या टोकाला, हेलेस येथे, ब्रिटिश उतरले. आणि बाहेरच्या अंगाला, पुढे अँझॅक या नावाने प्रसिद्ध झालेल्या जागी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक उतरले. आठ महिने ते त्या कड्यांना चिकटून राहिले, आणि शेवटी निघून गेले. अँझॅक व सुव्हला येथून डिसेंबरात, हेलेसहून १९१६ च्या ८-९ जानेवारीच्या रात्री. या मोहिमेतले उत्तम व्यवस्थेने पार पडलेले एकमेव काम म्हणजे ही माघार, असे लष्करी इतिहासकार थोड्या खवचटपणाने म्हणतात. डब्यांतून थेंब थेंब पाणी गळून बंदुकीचा चाप आपोआप ओढला जाईल अशी युक्ती करून ठेवली होती. रिकाम्या खंदकांतून गोळ्या सुटत राहिल्या आणि माणसे निसटली. बोटींवर नेता न आलेली शेकडो खेचरे मात्र हेलेसच्या किनाऱ्यावर मारून टाकण्यात आली.

दोन्ही बाजूंची मिळून लाखाहून कितीतरी अधिक माणसे येथे मेली. त्यांत तुर्कांची सर्वांत जास्त : शहाऐंशी हजारांच्या पुढे. ऑस्ट्रेलियाची आठ हजारांवर, न्यूझीलंडची पावणेतीन हजारांवर. मेलेल्यांच्या संख्येने पाहिले तर या शेवटच्या दोन देशांचा वाटा लहान ठरतो. परंतु जगात गॅलिपोली हे नाव आज ओळखले जाते ते बहुतांशी त्यांच्यामुळे. का, ते पुढे येईलच.

आमची बोट चनक्कलेला सकाळी लागली. फेरीबोटीने पलीकडच्या तीरावर आणि तेथून बसने टेकड्या ओलांडून आम्ही बाहेरच्या समुद्राकडे उतरलो. आमच्या बसमध्ये बहुतेक ऑस्ट्रेलियन मंडळी होती. अँझॅकचा किनारा पाहून पहिला विचार मनात येतो तो हा की, इतक्याशा जागेत हे सारे झाले कसे? वाळूची पट्टी सहाएकशे मीटर लांब, रुंदी बेताची, आणि मागे लगेच कडा. कोकणातल्या एखाद्या मध्यम गावाची चौपाटी याहून ऐसपैस असते. या पट्टीवर दवाखाना, दारूगोळ्याचे ढीग, पाण्याच्या टाक्या, जनावरे आणि मुडदे अशी सर्वांची एकत्र वस्ती होती. पाणीसुद्धा इजिप्तहून बोटींनी आणावे लागे.

वर डोंगराच्या सोंडेवर गेलो की आणखी थक्क व्हायला होते. आजचा डांबरी रस्ता दोन सैन्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून गेला आहे. रस्त्याच्या एका कडेला ऑस्ट्रेलियन खंदकांचे चर, दुसऱ्या कडेला तुर्कांचे. काही ठिकाणी हे अंतर आपल्या वाड्यांच्या चौकाएवढेच होते. १९ मेच्या तुर्की हल्ल्यानंतर मधल्या जागेत इतके मृतदेह कुजत पडले की, २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी काही तास लढाई थांबवून ते पुरले. शत्रूने शत्रूला विड्या दिल्या. संध्याकाळी आपापल्या खंदकात जाऊन पुन्हा गोळीबार सुरू झाला.

या परिसरात राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान मंडळाची एकतीस दफनस्थाने आहेत. एकवीस अँझॅकला, चार सुव्हलाला, सहा हेलेसला. १९२३ च्या लोझानच्या तहाने ही जमीन त्यांना कायमची दिली गेली. पराभूतांच्या कबरी विजेत्याने आपल्या भूमीत सांभाळण्याचे असे उदाहरण फार नसावे. बावीस हजारांच्या आसपास कबरी आहेत. त्यांपैकी ओळख पटलेल्या अवघ्या नऊ हजार. उभ्या शिळा येथे नाहीत. जमीन ठिसूळ, म्हणून बुटक्या, किंचित तिरक्या दगडांवर नाव बसविलेले. मध्ये मध्ये झुडपे आणि फुले. आमच्या बसमधल्या एका वृद्ध बाईंनी पिशवीतून चश्मा काढला, यादी काढली, आणि सरळ एका ओळीत जाऊन आपल्या आजीच्या भावासमोर उभ्या राहिल्या. दहा मिनिटांत सापडला. ते पाहून मला हेवा वाटला, हे कबूल केले पाहिजे.

अँझॅकच्या एका टोकाला, अरी बुर्नू येथे, १९८५ साली उभारलेली एक मोठी शिळा आहे. केमाल पाशाने १९३४ साली म्हटल्याचे सांगितले जाणारे शब्द तिच्यावर कोरले होते : दूरदेशच्या मातांनी आता अश्रू पुसावेत, त्यांची मुले आमच्या भूमीत आमचीच मुले झाली आहेत, असा त्यांचा भाव. हे शब्द खरोखर केमाल पाशाचे की नाहीत याविषयी अलीकडच्या काही वर्षांत संशोधकांनी जोरदार शंका घेतल्या आहेत, आणि त्या निराधार वाटत नाहीत. परंतु मला तेथे निराळाच विचार आला. शब्द कोणाचेही असोत. त्या दूरदेशच्या मातांत फिरोजपूरकडची एखादी शीख माता धरली होती की नव्हती?

मी वाटाड्याला विचारले, "येथे हिंदी फौजही लढली होती ना? त्यांचे काही पाहायला मिळेल का?"

तो तरुण तुर्क मोठा सुशील होता. म्हणाला, "साहेब, त्यांची नावे हेलेसच्या स्तंभावर आहेत. पण हेलेस आजच्या सहलीत नाही. बोटीवरून तुम्हाला दिसले असेल."

दिसले होते! स्तंभ दिसला होता. नावे दिसली नव्हती. बोटीवरून उंची दिसते, नाव वाचता येत नाही. आणि आपली जी काय मंडळी तेथे आहेत ती सारी नावांत आहेत. त्या स्तंभाभोवतीच्या भिंतींवर सुमारे एकवीस हजार नावे आहेत. ज्यांची कबर सापडली नाही अशा ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांची, आणि हेलेसला पडलेल्या ऑस्ट्रेलियनांची. हिंदी म्हणजे त्या काळच्या अखंड हिंदुस्थानच्या सैन्यातले, असा अर्थ आपण घ्यावा.

ही मंडळी कोण होती, ते आता थोडे विस्ताराने सांगतो.

गॅलिपोलीला पंधरा ते सोळा हजार हिंदी सैनिक होते. त्यांतले चौदाशे ते सोळाशे परत आले नाहीत. मोजणीत फरक पडतो. पीटर स्टॅन्ली या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने २०१५ साली, म्हणजे शंभर वर्षांनी, केवळ त्यांच्यावर एक ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे त्यांचा नीट हिशेब लागला. अँझॅकला पहिल्याच दिवशी, २५ एप्रिलच्या दुपारच्या आत, जेकबची २६ वी पहाडी तोफांची तुकडी किनाऱ्यावर उतरली होती. सुट्या करून खेचरांच्या पाठीवर लादता येतील अशा लहान तोफा. आणि त्या चालविणारे पंजाबातले शीख आणि मुसलमान. ज्या कड्यांवर मोठ्या तोफा चढणे शक्य नव्हते तेथे या चढल्या. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कथेत त्या पहाटेला जे स्थान आहे ते आपणांस ठाऊक असेल. त्या कथेत हे गोलंदाजही आहेत, पण कडेला.

त्यांच्याहून कडेला होते खेचरवाले. लष्करी बोलीत त्यांना 'ड्रबी' म्हणत. यांच्या हाती बंदूक क्वचितच. रात्री दोन खेचरांची गाडी हाकायची, पाणी आणि दारूगोळा पुढे पोहोचवायचा, जखमी मागे आणायचे, उजाडायच्या आत जनावरांना आडोशाला बांधायचे. किनाऱ्यावर गोळे पडत तेव्हा माणसाला खंदकात उडी टाकता येते. जनावर धरून ठेवणाऱ्याला येत नाही. ऑस्ट्रेलियन शिपाई यांच्याकडून चपात्या मिळवीत आणि दोस्ती करीत. सिम्पसन नावाचा जो स्ट्रेचरवाला गाढवावर जखमी वाहून आणता आणता १९ मे रोजी मारला गेला आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा लाडका वीर झाला, तो आपल्या पलटणीपेक्षा हिंदी पहाडी तोफखान्याच्या तळावरच अधिक राहत असे; तेथली मंडळी त्याला 'बहादूर' म्हणत. सिम्पसनचा आणि गाढवाचा पुतळा कॅनबेराच्या युद्धस्मारकापाशी आहे. त्याला जेवू घालणारांपैकी एकाचेही नाव मला कोठे आढळले नाही.

हेलेसच्या बाजूला हिंदी पायदळाचे २९ वे ब्रिगेड होते. त्यातल्या १४ व्या शीख पलटणीची ४ जून १९१५ ची कहाणी थोडक्यात अशी : दोन्ही बाजूंना उंच कडा असलेल्या एका घळीच्या तळातून त्यांना दिवसाढवळ्या पुढे जावयाचे होते. काटेरी तारा तोफांनी तुटल्या नव्हत्या. ते गेले. एका दिवसात पलटणीतली तीन चतुर्थांशाच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. आणि उरलेल्यांनी मिळालेली जागा सोडली नाही. ऑगस्टात ६ व्या गुरखा रायफल्सची एक पलटण, बरोबर थोडे इंग्रज शिपाई, ९ तारखेच्या पहाटे सारी बायरच्या धारेवर चढली. तेथून खाली डार्डानेल्सचे पाणी दिसते. ज्या पाण्यासाठी ही सारी मोहीम, ते दोस्तांच्या सैन्यापैकी फार थोड्यांनी त्या धारेवरून पाहिले. त्यांत हे गुरखे होते. थोड्याच वेळात त्यांच्यावर तोफांचे गोळे येऊन पडले आणि ते आपल्याच बाजूचे होते. आरमाराचे की जमिनीवरच्या तोफांचे, हा वाद अजून मिटलेला नाही. धार हातची गेली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चुनुक बायरवरही केमाल पाशाने प्रतिहल्ला करून विषय संपविला.

आता एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. हे लोक लढले कोणासाठी? तुर्क आपल्या घरासाठी लढत होता. ही भूमी त्याची होती. आमची माणसे दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी, तिसऱ्याच्या देशात, ज्याने आपले काही बिघडविले नव्हते अशा माणसांवर चालून गेली होती. याची जाणीव त्या काळीही होती. ६९ व्या आणि ८९ व्या पंजाबी पलटणींत मुसलमान कंपन्या होत्या. खलिफाच्या सैन्याशी त्यांना लढवावे की नाही या शंकेने सरकारने मे महिन्यात त्या दोन्ही पलटणी तेथून हलविल्या. पहाडी तोफखान्यातले आणि खेचरांवरचे मुसलमान मात्र शेवटपर्यंत तेथेच राहिले, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे.

आपल्याकडे या शिपायांना 'भाडोत्री' म्हणून एका शब्दात निकालात काढणारे पुष्कळ आहेत. मला हा शब्द घाईचा वाटतो. अकरा रुपये पगारासाठी घर सोडणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलापुढे काय काय पर्याय होते, हे त्याच्या जमिनीचा सातबारा पाहिल्याशिवाय बोलू नये. आणि धोरणाचेच म्हणाल तर १९१८ साली लोकमान्य टिळक आणि महात्मा गांधी या दोघांनीही, आपापल्या अटींवर आणि आपापल्या कारणांसाठी, तरुणांनी सैन्यात जावे असे म्हटले होते. आज आपणांस जे स्वच्छ दिसते ते तेव्हा तितके स्वच्छ नव्हते. युद्ध अन्याय्य होते असे मानूनही त्यात मेलेल्याचे नाव विचारता येते. ऑस्ट्रेलियन तरी दुसरे काय करतात? तेही साम्राज्यासाठीच आले होते, हरूनच गेले, आणि ही स्वारी शहाणपणाची होती असे त्यांच्यात आज फारसे कोणी म्हणत नाही. पण नातीच्या पिशवीत यादी असते.

कोणी म्हणेल, हे शीख, गुरखे, पंजाबी. आपल्या मराठी माणसाचा येथे काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. गॅलिपोलीत अब्रू जाऊ लागली तेव्हा ती बगदाद घेऊन भरून काढावी असा विचार १९१५ च्या ऑक्टोबरात लंडनला झाला. बगदादवर पाठविले कोणाला? सहाव्या डिव्हिजनला, जिचे नाव पुणे डिव्हिजन. तिच्या तिन्ही ब्रिगेडांत एकेक मराठा पलटण होती : १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. टेसिफोनला तिची वाट अडली, ती कुत अल अमारापर्यंत मागे आली, आणि डिसेंबरापासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात सापडली. तिकडे गॅलिपोली रिकामे झाल्यामुळे तुर्कांचे सैन्य इतर आघाड्यांसाठी मोकळे झाले होते. घोडे आणि खेचरे खाऊन झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी तेरा हजारांच्या आसपास माणसे शरण गेली आणि त्यांना वाळवंटातून चालवीत नेण्यात आले. कित्येक वाटेतच संपली. त्यांचा सेनापती टाउनशेंड हा इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बऱ्यापैकी सुखात होता. १९१८ साली तुर्कांनी शस्त्रसंधीची बोलणी सुरू करण्यासाठी त्याचा उपयोग केला. तो संधी झाला मुद्रोस बंदरात, म्हणजे गॅलिपोलीवर जाणारी जहाजे जेथून सुटली होती त्याच बंदरात.

इराकमध्ये मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांचे स्मरण आहे. इंग्रज शिपायाचे नाव तेथे दगडात कोरलेले आहे. हिंदी अधिकाऱ्याचेही आहे. हिंदी शिपायाचे नाही. त्याच्या पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे. युद्धस्मशान मंडळाने २०२१ साली एक चौकशी अहवाल प्रसिद्ध करून असा भेदभाव झाल्याचे मान्य केले आणि माफी मागितली. स्मारक मूळ जागेवरून १९९७ साली हलविले गेले, आणि तेथे जाणे आजही सोपे नाही.

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहान दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतकी मेली, असा तिच्यावर मजकूर. कोठे इंग्रजीत, कोठे मराठीत. नावे नाहीत. तिच्यावर चुना बसलेला असतो, कधी निवडणुकीचे पत्रक चिकटविलेले असते. बसऱ्याचा आकडा आणि या पाटीवरचा आकडा हे एकाच वहीतले जमा-खर्चाचे दोन रकाने आहेत. गेलेली माणसे कोण ते पलटणींच्या जुन्या नोंदींतून, पेन्शनच्या कागदांतून आणि घरोघरच्या आठवणींतून अजून काढता येते. आपल्या तालुक्यातल्या पाट्यांची यादी करायला दोन शाळामास्तर आणि एक सुट्टी पुरेल, असा माझा अंदाज आहे. या सभेत दोन्हीही आहेत.

गॅलिपोलीकडे पुन्हा येतो आणि आटोपते घेतो. दुपारी बोट सुटली. पुढे लापसेकीजवळ एक नवा झुलता पूल आमच्या डोक्यावरून गेला. त्याचे नाव '१९१५ चनक्कले पूल'. तो २०२२ साली १८ मार्चलाच खुला केला. मधला गाळा २०२३ मीटर, कारण तुर्की प्रजासत्ताकाला २०२३ साली शंभर वर्षे झाली. आणि मनोरे ३१८ मीटर उंच, कारण तिसऱ्या महिन्याची १८ तारीख. इतक्या उत्साहाने तारखा पाळणारे दुसरे लोक मी पाहिले नाहीत. वर गच्चीवर पुलाचा फोटो घेण्यासाठी झुंबड उडाली, आणि खाली कोणीतरी पत्त्यांच्या स्पर्धेचा निकाल जाहीर करीत होते.

आपणांपैकी कोणी जाणार असतील तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. बोटीबरोबरच्या सहलीत बहुधा अँझॅक असते, हेलेस नसते. हेलेस पाहावयाचे तर चनक्कलेला एक रात्र राहावे, सकाळच्या फेरीने एजेआबातला उतरावे आणि गाडी करावी; तीस-पस्तीस किलोमीटर पडते. १८ मार्च आणि २५ एप्रिल या दिवसांच्या आसपास जाऊ नये, पाय ठेवायला जागा नसते. आणि मुक्काम जमणारच नसेल, तर बोट हेलेसवरून किती वाजता जाते ते आदल्या दिवशी अधिकाऱ्याला विचारून ठेवावे. अथेन्सकडून इस्तंबूलकडे जाताना टोक डाव्या हाताला येते. दुर्बीण न्यावी. स्तंभ आधी सुईसारखा दिसतो, मग वाढत जातो, आणि पंधरा-वीस मिनिटांत मागे पडतो.